हुशार हान्सचं गणित

आज एका घोड्याची गोष्ट सांगतो. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणितशिक्षक होते. त्यांचा हान्स नावाचा घोडा चक्क बेरीज-वजाबाकी करी. उत्तर असेल तितक्या वेळा खूर आपटी. १९०४ मध्ये जाणकारांच्या मंडळाने तपासणी केली. लबाडी कुठेच सापडली नाही.

मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने साधी युक्ती केली. ज्याला उत्तर ठाऊक नाही, त्यालाच प्रश्न विचारायला लावला. हान्स चुकला! विचारणारा आडोशाला उभा राहिला, तरीही चुकला. १९०७ मध्ये उलगडा छापून आला. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर होई आणि हान्स थांबे. गंमत म्हणजे, हे कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची मान आवरता येईना.

घोडा खोटा नव्हता, मालकही नव्हता. हवं ते उत्तर आपणच चेहऱ्यावर घेऊन उभे असतो. वर्गात गुरुजी विचारतात, “समजलं ना?” आणि साऱ्या माना डोलतात.

मीही घरात कविता वाचून “कशी झालीय?” असं विचारायचो. बायको माझ्याकडे बघून “छान” म्हणायची. परवा अम्मीवरची कविता तिच्या हाती दिली आणि ओट्यावर जाऊन बसलो. परतलो तर शेवटचं कडवं पेन्सिलीने खोडलेलं. म्हणाली, “अम्मी अशा नव्हत्या.”

खरंच नव्हती.