लेकराला तुमचाच आवाज हवा


अल्लीपूरच्या आणि साऱ्या वर्धा जिल्ह्यातल्या मायबापहो,
आज थोडं लेकरांच्या गाण्याविषयी.

बाळ पोटात असतानाच ऐकू लागतं.
आईचा आवाज त्याच्या कानी पडतो.
जन्मल्यावर तो आवाज ते ओळखतं.
म्हणून सांगते,
लेकराला तुमचाच आवाज हवा.
सूर चुकला, तरी चालेल.
बाळ काही परीक्षक नाही!

अंगाई म्हणताना आपण आपोआप सावकाश होतो.
त्याच ओळी पुन्हा म्हणतो.
हळूहळू त्या बाळाच्या ओळखीच्या होतात.
मग ते शांत होतं.

लेकरू थोडं मोठं झालं, की ठेका धरा.
आपल्या विदर्भात ठेक्याला काय तोटा?
राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आहे.
भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी आहेत.
ही गाणी घरात वर्षभर म्हणा. कोण अडवतं?

एक ओळ तुम्ही म्हणा.
आता थांबा.
शेवटचा शब्द लेकराला म्हणू द्या.
बोबडा आला, तरी टाळी वाजवा.

हे काम एकट्या आईचं नाही.
शेतातून आलेल्या बाबांनी गावं.
आजोबांनी भजन म्हणावं.

मोबाइलवरही गाणं लागतं, खरं.
पण लेकरू हसलं, म्हणून मोबाइल थांबत नाही.
तुम्ही थांबता.
म्हणून पुन्हा सांगते,
लेकराला तुमचाच आवाज हवा.

घरी खंजिरी नसेल, तर जेवणाचं ताट वाजवा.
शेजारी झोपले असतील, तर मात्र जरा हळू!