जाचक बालपणानंतर

मुलाला आई-वडिलांकडून होणारी इजा चार वाटांनी येते: मारहाण, लैंगिक अत्याचार, सततची मानहानी आणि दुर्लक्ष. बहुतेक घरांत यांतल्या दोन-तीन एकत्रच नांदतात. पट्ट्याचे वळ निदान शेजाऱ्यांना दिसतात; ‘तू झालीच नसतीस तर सुटले असते’ हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकल्याची खूण कुठे उमटत नाही. रागाच्या भरात कधी एखादी चापट बसणे वेगळे आणि रोज संध्याकाळी जिन्यावर पावले वाजली की पोटात गोळा येणे वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या घरात नियम असा नसतोच. काल ज्या गोष्टीवर वडील हसले, तिच्यावरच आज ताट भिरकावतात. या बेभरवशाच्या वातावरणात वाढलेले मूल अभ्यासाआधी माणसांचे चेहरे वाचायला शिकते.

वैद्यकाने या प्रकाराची दखल फार उशिरा घेतली. १९६२ साली सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मार खाल्लेल्या लहान मुलांवर लेख लिहिला. क्ष-किरण चित्रांत वेगवेगळ्या काळात मोडून जुळलेली हाडे दिसत होती आणि पालक सांगत होते, ‘पडला’. भारतात महिला व बालविकास मंत्रालयाची मोठी पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी त्यात बोलणे झाले होते. दर तिघांतल्या दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले. घरात मार खाणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्क्यांना मारणारे आई-वडीलच होते. अनोळखी माणसापासून सावध राहायला मुलांना शिकवणाऱ्या समाजाने हा आकडा दोनदा वाचावा.

आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना ही म्हण या मुलांची कोंडी नेमकी पकडते. ज्याची भीती वाटते त्याच्याच कुशीत शिरावे लागते, कारण दुसरी कूस नसते. या कोंडीतून मुलाचे मन एक वाट काढते. स्कॉटिश मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी १९४३ साली ती दाखवून दिली: मूल वाईटपणा स्वतःकडे घेते. आई-बाप वाईट असतील तर जगण्याला आधारच उरत नाही. पण ‘मीच वाईट’ असे मानले, तर आशा उरते. मी चांगला वागलो, पहिला नंबर आणला, भांडी न सांगता घासली, तर मार थांबेल. सहाव्या वर्षी ही समजूत मुलाला तगवते. चाळिशीत तीच जाचू लागते.

शरीरही आपला हिशेब ठेवते. धोका जाणवला की हृदयाचे ठोके वाढतात, कॉर्टिसॉल स्रवते, स्नायू ताठ होतात. धोका गेला की हे सारे ओसरावे अशी व्यवस्था आहे. पण धोका घरातच राहत असेल तर ते ओसरत नाही. याचा दूरवरचा परिणाम एका अनपेक्षित ठिकाणी उघड झाला. १९८० च्या दशकात सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी लठ्ठपणावरचे उपचार केंद्र चालवत होते. ज्यांचे वजन उत्तम उतरत होते असेच अनेक रुग्ण उपचार सोडून जात. कारण शोधताना त्यांच्यातल्या कितीतरी जणांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे पुढे आले. डॉक्टर ज्याला आजार समजत होते, ते वजन त्यांच्यापैकी काहींना ढालीसारखे वाटत होते. पुढे फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. त्यावरचा पहिला निबंध १९९८ साली आला. बालपणीच्या आघातांचे प्रकार जितके जास्त, तितके हृदयरोग, नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण जास्त, असे त्यात दिसले. मात्र हा हिशेब समूहाचा आहे. आघातांचे प्रकार मोजून एकट्या माणसाचे भविष्य वर्तवता येत नाही, आणि तसे वर्तवू नये असे अँडा यांनीच नंतर बजावले.

प्रौढपणी या बालपणाच्या खुणा साध्या दिसतात. साहेबांनी ‘जरा केबिनमध्ये या’ म्हटले की तळहाताला घाम फुटतो. कौतुक झाले की संशय येतो. कुणाला नाही म्हणता येत नाही. आणि एखाद्या दिवशी क्षुल्लक कारणावरून इतका संताप उसळतो की स्वतःलाच भीती वाटावी. दिवाळीला गावी जायचे तिकीट काढले की पित्त उसळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून, ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ हे स्वतंत्र निदान आले. आघातानंतरच्या नेहमीच्या लक्षणांबरोबर भावना न आवरणे, स्वतःविषयी हीनभाव आणि नाती टिकवण्यातली अडचण या तीन गोष्टी त्यात येतात.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली बरे होण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, स्मरण आणि शोक, जगाशी पुन्हा नाते. पहिला टप्पा रूक्ष वाटतो, पण तो वगळता येत नाही. झोप, जेवण, व्यसनापासून दूर राहणे, हातात स्वतःचे पैसे आणि आतून कडी लावता येईल अशी खोली हे आधी लागते. ज्या घरात अजून शिवीगाळ चालू आहे, तिथे बसून जुन्या जखमा उघडणे घातक ठरते.

खरे काम दुसऱ्या टप्प्यात आहे, आणि मराठी घरांत नेमका तोच टाळला जातो. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’, ‘शेवटी आई-बाप आहेत’, ‘त्यांनीही खूप सोसलंय’ ही वाक्ये नातेवाईक मायेने बोलतात. तिसरे वाक्य तर बहुधा खरेही असते. पण दारूच्या पायी नोकरी गमावलेल्या बापाची कहाणी समजली, म्हणून त्याने काढलेले वळ मिटत नाहीत. माणसाला इथे शोक करायचा असतो तो न मिळालेल्या गोष्टीचा: तापात कपाळावर न ठेवलेल्या हाताचा, शाळेच्या स्नेहसंमेलनात रिकाम्या राहिलेल्या खुर्चीचा. मृत्यूचा शोक दहाव्या-तेराव्याला चारचौघांत होतो. या शोकाला विधी नाही, भेटायला येणारे कुणी नाही, आणि ज्यांच्यामुळे तो करायचा ती माणसे दिवाणखान्यात टीव्ही बघत बसलेली असतात. भावंडांचाही आधार मिळेलच असे नाही. एकाच घरात थोरल्याचे आणि धाकटीचे बालपण वेगवेगळे असते. ज्याच्यावर हात उठला नाही त्याला दुसऱ्याची आठवण अतिशयोक्त वाटते.

या शोकाने काय साधते, हे बर्कलीच्या मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बेतलेल्या मुलाखतीतून कळते. मुलाखतीत माणसाला आईशी असलेल्या बालपणीच्या नात्यासाठी पाच विशेषणे विचारतात, आणि मग प्रत्येक विशेषणामागची एखादी आठवण. एक जण ‘खूप प्रेमळ’ म्हणतो आणि प्रसंग विचारला की अडखळतो: ‘आई ती आईच, त्यात काय सांगायचं?’ दुसरी म्हणते, ‘कठोर’, आणि डबा विसरला म्हणून उपाशी ठेवल्याचा दिवस सांगते. पण त्याच आईने परीक्षेच्या रात्री जागून सोबत केली, तेही सांगते. अभ्यासकांना मुलाखतीत बालपण किती गोड होते हे मोजायचे नसते. सांगण्यात सुसंगती आहे की नाही, हे पाहायचे असते. वाईट बालपणाची धड, सलग गोष्ट सांगू शकणाऱ्यांच्या स्थितीला ‘कमावलेली सुरक्षितता’ म्हणतात. हे जमायला आई-वडिलांनी चूक कबूल करावी लागत नाही, आणि ते बरेच आहे, कारण बहुतेक जण ती करत नाहीत.

ही गोष्ट सांगायला ऐकणारा लागतो. आघातावर काम केलेला समुपदेशक उत्तम. फ्रान्सिन शापिरो यांची डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली पद्धत आणि आघातकेंद्री विचारोपचार यांचा उपयोग पुष्कळांना होतो. ‘माझीच लायकी नाही’ यासारखी जुनी समजूत तपासायला अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित आहे. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते. ऐकणारा तज्ज्ञच हवा असेही नाही. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. खडतर घरांतून आलेल्यांपैकी एक तृतीयांश मुले सक्षम, इतरांची काळजी घेणारी प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात आजी, शिक्षक, शेजारीण असे जीव लावणारे कुणीतरी होते.

आई-वडील थकले की प्रश्न नव्याने उभा राहतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या आई-वडिलांना न्यायाधिकरण मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता देववू शकते. कायदा पैसे मागतो, माया मागत नाही. आणि हा भेद घरातही चालतो. औषधांचे बिल भरणे, ब्युरोतून बाई ठेवणे, रविवारी दहा मिनिटे फोन करणे, गणपतीला गेल्यावर मुक्काम मात्र लॉजवर करणे, ही कर्तव्यात कसूर नव्हे. टोमणा आला की ‘मग ठेवतो’ म्हणून फोन ठेवणेही शिकता येते. काहींना संबंध पूर्ण तोडावे लागतात. लैंगिक अत्याचार करणाऱ्या बापाच्या बाबतीत संबंध तोडण्याचे समर्थन करण्याची गरज नाही. क्षमा कुणाला आली तर ती शोकानंतर येते. बरे होण्याची अट म्हणून ती मागणे म्हणजे जखमीकडूनच दंड वसूल करणे.

पुढच्या पिढीचे भय सर्वांत जास्त असते: ‘मीही तसाच निघालो तर?’ जोन कॉफमन आणि एडवर्ड झिग्लर यांनी १९८७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून अंदाज मांडला, की जाच सोसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के पुढे आपल्या मुलांना जाचतात. म्हणजे बहुसंख्य जाचत नाहीत. त्याआधी १९७५ मध्ये सेल्मा फ्रायबर्ग यांनी एक सूक्ष्म गोष्ट टिपली होती. ‘बाप मारायचा’ हे पुनरावृत्ती करणाऱ्या पालकांनाही आठवत असते. त्या वेळचे दुखणे आणि भीती मात्र त्यांना आठवत नाही. ज्यांना ते दुखणे आठवते, त्यांचा हात सहसा वर जाऊन थांबतो. कधी थांबत नाही, आवाज चढतो, मूल भेदरते. तेव्हा तासाभराने त्याच्याजवळ बसून ‘चूक माझी होती, तुझी नव्हती’ असे म्हणता येते. आई-बापांनी लेकराची माफी मागण्याची रीत आपल्याकडे नाही; ती या पालकांना स्वतःच सुरू करावी लागते.