आकडा म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत
(सोसायटीच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, हे आपल्याला माहीत आहेच. १२ वर्षांची असताना तो निघाला. आज ती १६ वर्षांची आहे.

हा आजार गोड खाल्ल्यानं होत नाही, आईच्या दुर्लक्षानंही होत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. म्हणून इन्सुलिन रोज घ्यावंच लागतं. कारल्याच्या रसाच्या भरवशावर ते बंद केलं, तर जिवावर बेततं. १९२२ साली पहिलं इन्सुलिन टोचलं गेलं, तेही टोरांटोतल्या १४ वर्षांच्या मुलालाच. त्याआधी अशी लेकरं फार दिवस जगत नसत.

इंजेक्शन द्यायला आम्ही लवकर शिकलो. मन सांभाळायला वेळ लागला. वयात येताना शरीरात जे बदल होतात, त्यांनी इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. पथ्य पाळूनही साखर वाढते. तेव्हा घरातला जो तो "काऊन वाढली? काय खाल्लं वं?" असं विचारू लागला, की लेकरू आकडाच लपवतं. लपवलेला आकडा वाढलेल्या आकड्याहून वाईट. आमच्या घरी आता दोनच प्रश्न आहेत : "किती आली? आता काय करायचं?" आणि रात्रीची तपासणी तिचे बाबा करतात, आईलाही झोप लागते!

दर्यापुरात असं घर एकटं पडू शकतं. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट आणि संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. मन फारच खचलं, तर सरकारच्या टेलिमानसला १४४१६ वर फोन करता येतो.

शेजाऱ्यांनाही विनंती आहे. वाढदिवसाला तिला वगळू नका. तिच्यासमोर "बिचारी" म्हणू नका, लग्नाची काळजी करू नका. खेळताना तिला घाम सुटला, हातपाय थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि आम्हाला हाक मारा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखान्यात न्या.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांकडून वाटीभर साखर उसनी नेतो आहोत. माझ्या लेकीसाठी तेवढी घरात असू द्या.