फवाऱ्याच्या रंगाची निवड

भाद्रपद जवळ आला कीं शहरांतील रंगांच्या दुकानांत एक निराळेंच गिऱ्हाईक दिसूं लागतें. भिंती रंगविणारे कारागीर तेथें वर्षभर येतच असतात. या दिवसांत मात्र कॉलेजांतील विद्यार्थी, कचेरींतून परतणारे गृहस्थ आणि मखराची तयारी हौसेनें अंगावर घेतलेल्या गृहिणी फळीवरील लहान गोल डब्यांकडे बोट दाखवूं लागतात. एका डब्याच्या टोपणावर सोन्याची झळाळी असते, दुसऱ्यावर तांब्याची छटा, तिसऱ्यावर दगडाचे कण. चौथा डबा स्वच्छ काचेस धुकट करून देतो, तर पांचवा अंधारांत मंद हिरवा उजेड पाडतो. कुंचला नको, भांडें नको, सरावहि नको. बोटानें कळ दाबली कीं काम झालें, असें डब्यावरील चित्र सुचवितें. तें चित्र खोटें नसतें, पण अर्धेंच सांगतें. उरलेलें अर्धें माहीत नसल्यामुळें कित्येक मखरें चतुर्थीच्या आदल्या रात्रीं चिकट राहतात, कित्येक पितळी समया विनाकारण विद्रूप होतात, आणि क्वचित् याहून गंभीर प्रसंगहि ओढवतो. म्हणून या रंगांची निवड कोणत्या विचारानें करावी आणि ते वापरावे कसे, हें थोडक्यांत पाहणें उपयुक्त होईल.

शोभेसाठीं एका वस्तूस दुसरीचें रूप देण्याची हौस महाराष्ट्रास नवी नाहीं. लाकडी देव्हाऱ्यास सोनेरी वर्ख, कागदी मखरास बेगड, तांब्याच्या दागिन्यास सोन्याचा मुलामा हे प्रकार पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्या प्रत्येकास हातांत कसब लागे. डब्यांतील रंगानें तें कसब पुष्कळसें सोपें करून टाकलें. दाबाखालीं ठेवलेला द्रव फवाऱ्याच्या रूपानें बाहेर सोडणारा डबा नॉर्वेमधील अभियंता एरिक रोटहाइम यानें १९२७ च्या सुमारास सिद्ध केला. अशा डब्यांत रंग भरण्याची कल्पना अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत, सायकॅमोर या गांवीं एडवर्ड सीमोर या रंगाच्या व्यापाऱ्यानें १९४९ सालीं अमलांत आणली. मूळ सूचना त्याच्या पत्नीची होती, असें सांगतात. सीमोरला गिऱ्हाइकांना दाखवावयाचा होता तो अ‍ॅल्युमिनियमचा चंदेरी रंग. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठीं जे लोखंडी रेडिएटर बसवितात, त्यांना देण्यासाठीं तो केलेला होता. म्हणजे फवाऱ्याच्या रंगाचा आरंभच मुळीं लोखंडास चंदेरी रूप देण्यापासून झाला.

डब्याच्या आंत चार गोष्टी असतात. रंगाची पूड, ती वस्तूस चिकटवून ठेवणारें राळेसारखें द्रव्य, त्या दोहोंना पातळ ठेवणारें व हवेंत उडून जाणारें द्रावक, आणि या सर्वांना बाहेर ढकलणारा, दाबानें द्रवरूप केलेला वायु. डबा हलविला असतां जी गोळी खडखडते ती तळाशीं बसलेली पूड ढवळण्यासाठीं असते. पूर्वी या कामीं क्लोरीन व फ्लोरीनयुक्त वायु वापरीत. ते वातावरणांतील ओझोनच्या थराचा नाश करतील, असा इशारा मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दिला, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायु क्रमाक्रमानें मागें पडले. त्यांची जागा बहुतेक डब्यांत प्रोपेन, ब्यूटेन किंवा डायमिथिल ईथर यांनीं घेतली आहे. यांतील पहिले दोन वायु स्वयंपाकघरांतील सिलिंडरांत असतात तेच होत. ही गोष्ट ध्यानांत ठेवली तर पुढील सावधगिरीचीं कारणें आपोआप उलगडतील.

आतां झळाळीचें रहस्य. सोनेरी डब्यांत सोनें नसतें; तांबें व जस्त यांच्या मिश्रणाची, म्हणजे पितळेचीच, बारीक भुकटी असते, किंवा धातूंच्या भस्माचा लेप दिलेले अभ्रकाचे कण असतात. चंदेरी रंगांत अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात; ते माशाच्या खवल्यांप्रमाणें सपाट बसले कीं पृष्ठभाग चकाकतो. हातोडीनें ठोकल्यासारखा दिसणारा रंग सुकतांना जागजागीं आखडतो आणि त्यावर बारीक खळगे उमटतात. तडकलेल्या रंगाचे दोन डबे असतात. वरचा थर खालच्या थरावर सुकतांना आकसतो, फाटतो, आणि भेगांतून खालचा रंग डोकावतो. अंधारांत चमकणाऱ्या रंगांत आजकाल बहुधा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतें. तें दिवसाचा अथवा दिव्याचा प्रकाश सांठवून अंधारांत हळूहळू परत देतें. म्हणून त्याच्याखालीं पांढरा थर हवा. काळ्या थरावर तो निस्तेज दिसतो, आणि ज्या कोपऱ्यांत कधींच उजेड पोंचत नाहीं तेथें तर व्यर्थच जातो.

निवडीचें मुख्य सूत्र यांतूनच निघतें. चमक जितकी अधिक, तितका पृष्ठभागाचा दोष अधिक उघडा पडतो. गुळगुळीत पृष्ठावरून प्रकाश एका दिशेनें परत येतो. त्यामुळें लहानसा उंचवटाहि तेथें डोळ्यांत भरतो. खरखरीत पृष्ठावरून तोच प्रकाश चहूंकडे विखुरतो व दोष झांकले जातात. आरशासारखा चंदेरी रंग देऊन जुनी पोंचट पेटी नवी होईल असें पुष्कळांना वाटतें. प्रत्यक्षांत तिचा प्रत्येक पोंचा दुपटीनें दिसूं लागतो. अशा पेटीस, गंजानें खाल्लेल्या गॅलरीच्या जाळीस किंवा ओबडधोबड मातीच्या कुंडीस ठोकीव धातूचा अथवा दगडाचा रंगच शोभतो. आरशाची झळाळी नितळ काचेसाठीं किंवा घोटून घेतलेल्या लाकडासाठीं राखून ठेवावी. तिच्याखालीं चकचकीत काळा थर दिल्यास ती अधिक खुलते.

दुसरा प्रश्न वस्तूच्या जागेचा. पितळेच्या भुकटीचा सोनेरी रंग मुंबई, कोंकण आणि गोवा येथील खाऱ्या दमट हवेंत लौकरच काळवंडतो. त्यावर पारदर्शक लाखेचा हात दिल्यास तो टिकतो खरा. पण तोच हात आरशाच्या चंदेरी रंगावर दिला तर आरसा जाऊन करडा पत्रा शिल्लक राहण्याचा संभव असतो. भडक प्रकाशमान गुलाबी आणि पिवळे रंग उन्हांत फार दिवस टिकत नाहींत. ते घरांतच बरे. दगडाच्या खरखरीत रंगांत धूळ आणि फोडणीचा तेलकट धूर अडकून बसतो. स्वयंपाकघराच्या आसपास तो नसावा. न्हाणीघराच्या खिडकीस धुकट काचेचा रंग उत्तम; त्यानें उजेड येतो आणि आडोसाहि राहतो.

तिसरा प्रश्न वस्तु कशाची आहे हा. द्रावकाची शक्ति थर्मोकोलवर पाहावी. सोनेरी फवारा बसतांच तो विरघळून खड्डे पडतात. तशाहि महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातलेली आहे, तेव्हां मखर पुठ्ठा, बांबू, कापड अथवा लाकूड यांचेंच करावें. पुठ्ठा रंग शोषून घेतो; त्यास आधीं पाण्यांतील रंगाचा एक हात देऊन वाळवावें. प्लास्टिकवर साधा रंग बहुधा धरत नाहीं आणि साल निघावी तसा निघून येतो. त्याखालीं प्लास्टिकसाठींच केलेला प्रायमर लागतो. लोखंडाचा गंज पॉलिश पेपरनें खरवडून, खड्डे लुकणानें भरून, वर प्रायमर द्यावा. वस्तूवर तेलाचा किंवा मेणाचा अंशहि राहूं देऊं नये. रंगकाम बिघडतें तें बहुतेक वेळां कळ दाबण्यापूर्वींच बिघडलेलें असतें.

प्रत्यक्ष फवारतांना गोळीचा खडखडाट सुरू झाल्यावर निदान एक मिनिट डबा हलवावा. वस्तूपासून वीतभर किंवा थोडें अधिक, म्हणजे २० ते ३० सेंटिमीटर, अंतर ठेवावें. त्याहून जवळ गेल्यास ओघळ येतात. फार दूर राहिल्यास रंगाचे थेंब वाटेंतच सुकून वाळूसारखे चिकटतात. हाताची फेरी वस्तूच्या कडेबाहेर सुरू करून दुसऱ्या कडेबाहेर संपवावी, आणि प्रत्येक नवी फेरी मागील फेरीवर थोडी चढवावी. एकाच जाड हातापेक्षां तीन पातळ हात केव्हांहि सरस. धातूच्या रंगांत तर हें फारच महत्त्वाचें आहे; थर ओला व जाड बसला कीं पापुद्रे आंतल्या आंत वाहतात आणि काळपट डाग उमटतात. दोन हातांमध्यें किती वेळ जाऊं द्यावा हें डब्यावर छापलेलें असतें. ती मुदत टाळून अर्धवट सुकलेल्या थरावर पुन्हां रंग मारला तर खालचा थर दुधावरील सायीप्रमाणें सुरकुततो. काम संपल्यावर डबा उलटा धरून केवळ वायु बाहेर येईपर्यंत कळ दाबावी, म्हणजे तोंड तुंबत नाहीं.

ऋतूचा विचार मात्र बहुतेक घरीं राहून जातो. गणेशोत्सव येतो पावसाळ्यांत, आणि या रंगांचा खरा शत्रु ओल हाच. द्रावक झपाट्यानें उडूं लागलें कीं पृष्ठभाग थंड पडतो. हवेंतील बाष्प त्यावर निवतें आणि चकचकीत रंगावर दुधट पडदा येतो. यासाठीं उघडीप असलेल्या दिवशीं, दुपारच्या वेळीं काम करावें. आणि चतुर्थीपूर्वी निदान आठ दिवस तें संपवावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डब्यांतील वायु जळणारा आहे आणि तो हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतो. बंद खोलींत मखरास फवारा मारावा आणि शेजारींच देवघरांत निरांजन तेवत असावें, यासारखा धोका दुसरा नाहीं. रंगकाम गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणांत करावें; जवळ समई, उदबत्ती, चूल, विडी कांहीं असूं नये. वास पूर्णपणें गेल्यावरच वस्तु घरांत आणावी आणि निदान एक दिवस तिच्याजवळ दिवा ठेवूं नये. हा धूर फुफ्फुसांसहि घातक आहे. तोंडावर बांधलेला रुमाल रंगाचे कण थोडे अडवील, पण द्रावकाची वाफ अडविणार नाहीं. त्यास कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. लहान मुलें, गर्भवती स्त्रिया आणि दमेकरी यांना त्या जागेपासून दूरच ठेवावें. डबा उन्हांत किंवा बंद मोटारींत ठेवूं नये. ५० अंश सेल्सियसपुढें त्यांतील दाब धोक्याचा होतो. रिकामा डबाहि खऱ्या अर्थानें रिकामा नसतो. तो भोसकूं नये व जाळूं नये.

मुलांच्या खेळण्यांस व पाळण्यास हे रंग न देणेंच बरें. भारतांत २०१६ च्या नियमान्वयें घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांपुरतें मर्यादित केलेलें आहे. तरीहि डब्यावर तसा निर्देश आहे कीं नाहीं हें पाहूनच खरेदी करावी. ज्या भांड्यांत अन्न ठेवावयाचें किंवा ज्याच्या कांठास ओंठ लागावयाचे, त्यास हे रंग वर्ज्यच. गणेशमूर्तीवरहि सोनेरी फवारा मारण्याचा मोह टाळावा. मूर्ति पाण्यांत जाते आणि तिच्याबरोबर रंगहि जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत मूर्तीसाठीं नैसर्गिक रंगांचाच पुरस्कार केलेला आहे.

शेवटीं एक विवेक. ज्या वस्तूस स्वतःचें रूप आहे, तिला उसनें रूप देऊं नये. आजीच्या हातची पितळी समई काळवंडली म्हणून तिच्यावर पितळेच्याच भुकटीचा रंग मारणारीं घरें कमी नाहींत. त्या थराखालीं नक्षीच्या रेघा बुजतात, ज्योतीच्या उष्णतेनें रंग करपतो, आणि तो काढण्यासाठीं पुढें तीव्र द्रव्यें वापरावीं लागतात. त्या समईस चिंच आणि पितांबरी एवढेंच पुरेसें होतें. जुन्या सागवानी कपाटाचीहि तीच गोष्ट. फवाऱ्याचा रंग आहे तो पुठ्ठ्यासाठीं, पत्र्यासाठीं, मातीच्या कुंडीसाठीं, फुटक्या चौकटीसाठीं. ज्यांच्याकडे एरवीं कोणी पाहिलें नसतें, अशा वस्तूंना चार दिवस मिरविण्यासाठीं. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वी वस्तु हातांत घेऊन नीट पाहावी. ती कशाची आहे, कोठें राहणार, तिचे दोष उघडे पडावेत कीं झांकावेत, हें घरींच ठरवावें. एकच डबा आणावा, टाकाऊ तुकड्यावर त्याची परीक्षा घ्यावी, आणि मगच दुसरा आणावा.