नकार नेमका कशाला?

(नागपूर येथे पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२५ मार्च १९१६ रोजी बडोद्याच्या महाविद्यालयातील वीस वर्षांचा एक विद्यार्थी इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसला आणि वाटेत सुरतेस उतरून काशीकडे निघून गेला. आपली प्रमाणपत्रे त्याने आधीच आईच्या देखत चुलीत घातली होती. मुलाने फ्रेंच शिकावे आणि मोठे व्हावे, अशी वडिलांची मनीषा! त्यांना त्याने पत्र लिहिले, ते एवढेच की मुंबईऐवजी अन्यत्र जात आहे, परंतु हातून अनुचित काही घडणार नाही. हा विद्यार्थी म्हणजे विनायक नरहर भावे. पुढे ज्यांच्या वास्तव्याने वर्ध्याजवळचे पवनार देशभर ओळखले गेले, ते आचार्य विनोबा.

घराघरांत ही कथा दोन प्रकारे वापरली जाते. कॉलेजला जायचे नाही म्हणणारा मुलगा ती ढाल म्हणून पुढे करतो आणि वडील उलट विचारतात, "तू काय विनोबा लागून गेलास?" दोघांचाही नेम चुकतो. विनोबांनी महाविद्यालय सोडले, अध्ययन सोडले नाही. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकत राहिले. आश्रमात दाखल झाल्यावरही १९१७ मध्ये वर्षभराची रजा घेऊन वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे अभ्यासिली आणि त्या काळाचा सविस्तर हिशेब पत्राने गांधीजींना कळविला. त्यांचा नकार कशाला होता आणि होकार कशाला, हे त्यांना स्वतःला स्पष्ट ठाऊक होते. सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांना ते ठाऊक नसते. ते शोधून काढण्याच्या कामी आई-वडिलांचे साहाय्य लागते आणि नेमके त्याच वेळी घरात उपदेश सुरू होतो.

आपल्या नागपुरात हा प्रश्न बहुधा अकरावीत उभा राहतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून 'प्रकाशसंश्लेषण' शिकलेला, वर्गात पहिल्या पाचांत येणारा मुलगा विज्ञान शाखेत जातो आणि पहिल्याच आठवड्यात 'फोटोसिंथेसिस'पाशी अडखळतो. त्याची बुद्धी जूनमध्ये अचानक कमी झालेली नसते; भाषा बदललेली असते. परंतु हात वर करून शंका विचारण्याचे धैर्य प्रथम जाते, मग तास चुकू लागतात आणि अखेरीस पोट दुखू लागते. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडून येऊन येथे खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचे याहून कठीण. त्यांचे पोट दुखते, हे पाहायलाही कोणी नसते.

दुसरी अवस्था अधिक विचित्र आहे. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, दिवस मात्र शिकवणी वर्गात. या प्रथेला आळा बसावा म्हणून शासनाने २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तरी प्रथा संपली असे कोणी म्हणणार नाही. अशा मुलाने ना मैदान पाहिलेले असते, ना ग्रंथालय, ना स्नेहसंमेलन. वैद्यकीय प्रवेशाच्या सराव परीक्षा आणि भिंतीवर लागणारी गुणांची यादी, एवढेच त्याचे महाविद्यालय! 'मला कॉलेज नको' असे तो म्हणतो, तेव्हा कॉलेज त्याने पाहिलेलेच नसते. आणि पुष्कळदा विज्ञान शाखाही त्याची नसते. ती आत्याच्या मुलाला मिळालेल्या गुणांवरून ठरलेली असते.

तेव्हा विचारावे कसे? जेवणाच्या ताटावर नव्हे, पाहुण्यांसमोर तर नव्हेच. रविवारी सकाळी फुटाळ्याच्या काठाने वडील आणि मुलगा तासभर चालले, तर घरात महिनाभर न निघालेले शब्द निघतात. "का जात नाहीस?" या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते. "कोणता तास नकोसा वाटतो? कोणाशेजारी बसतोस? कोणत्या दिवसापासून असे झाले?" या प्रश्नांना असते. कधी या उत्तरांतून कोणी छळत असल्याचे बाहेर येते. तसे असेल तर मुलाला 'सहन कर' म्हणू नये. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग प्रतिबंधक कायदा आहे आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. लेखी तक्रार वडिलांनी स्वतः नेऊन द्यावी.

आणि काही वेळा उत्तरच मिळत नाही. मुलगा रात्र रात्र जागतो, मित्रांचे फोन घेत नाही, आवडीचे क्रिकेटही सुटते, 'माझा काही उपयोग नाही' असे बोलून जातो. हे दोन-तीन आठवडे चालले, तर तो आळस नव्हे. आजार असू शकतो. आपल्या सुसंस्कृत घरांतही येथे पाय मागे पडतो. ताप आला की डॉक्टर, आणि मन खचले की 'जरा ध्यान कर' एवढाच सल्ला! ध्यान अवश्य करावे, परंतु औषधाच्या जागी नव्हे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. आणि २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालतो. मरणाची भाषा कानी आली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये आणि मुलाला एकटे ठेवू नये. तो सावरेपर्यंत शाखा, शुल्क, वर्ष वाया जाणे यांविषयी घरात एक अक्षरही निघू नये.

मन स्वस्थ असून केवळ ही वाटच नको असेल, तर वाटा आहेत. दहावीनंतर सदरच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका होते आणि तेथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. श्रद्धानंद पेठेत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. ज्याला हाताने काम करण्यात आनंद आहे त्याला तेथे पाठविण्यात कमीपणा कसला? दुरुस्तीसाठी चांगला इलेक्ट्रिशियन मिळावा म्हणून आपण सर्वच धडपडतो, फक्त तो आपल्या घरात जन्मू नये असे वाटते! नोकरी करत शिकायचे असेल त्याच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

वर्षभर थांबायचे ठरले, तरी त्या वर्षाला कामाची वेळ असावी, शिकण्याची एखादी गोष्ट असावी आणि निर्णयाची तारीख असावी. ती तारीख मुलाने स्वतः भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहावी. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर थोड्याच दिवसांत भरावे लागतात आणि त्या गडबडीत शांतपणे बोलणे होत नाही. म्हणून ज्यांची मुले यंदा दहावीत आहेत, त्यांनी ही बोलणी दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करावीत, गुणपत्रिका हाती येण्यापूर्वी.