पान्हा आणि कचेरी
(मंडळाच्या महिला शाखेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात जुन्या गणेशोत्सवांचे स्मरण साहजिकच होत आहे. मी मात्र चारचौघांत सहसा न निघणाऱ्या विषयावर बोलणार आहे: नोकरी करणाऱ्या आईचे दूध.

मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या कित्येक बाया एकेकाळी तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी चाटवून कामावर जात. मूल दिवसभर निपचित पडून राही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेस आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. १९२९ साली कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास कर्मचारी असतील तेथे पाळणाघर, आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी रोज दोनदा सुटी, या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहेत.

सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, असे डॉक्टर सांगतात. रजेतले आठ आठवडे प्रसूतीपूर्वी खर्ची पडले, तर मागे अठराच उरतात. पुढे काय? पाळणाघर नसेल, तर मूल दोन बस बदलून गाठण्याच्या अंतरावर. ती सुटी घेऊन आईने जायचे कोठे? पान्ह्याचा धर्म असा, की पाजावे तितके दूध येते. तासन् तास तटून राहिले की ते आटू लागते. पिळून ठेवावे, तर कडी लावता येईल अशी कचेरीतली जागा एकच, प्रसाधनगृह! तेथे आपण आपला जेवणाचा डबा तरी उघडू का?

घरीही सारे सोपे नाही. पहिला चीक, ज्यात रोगांपासून रक्षण करणारी द्रव्ये असतात, तो काढून टाकून बाळाला मधाचे बोट चाटवणारी घरे आजही आहेत. मूल रडले की ‘दूध पुरत नाही’ असा निकाल, आणि दुसऱ्या दिवशी पावडरीचा डबा. माहेर रेल्वेने दीड दिवसावर. अळिवाचे लाडू टपालाने येतात. बाळाला छातीशी कसे धरावे, हे दाखवणारी आई किंवा मावशी येऊ शकतेच असे नाही.

आपल्या वास्तूतील ग्रंथालयामागची खोली सायंकाळपर्यंत बंद असते. तेथे पाळणाघर सुरू करता येईल. दूध ठेवायला एक फ्रिज, दाराला कडी, आणि तीन मुले वाढवलेल्या आपल्यातल्या दोघी-तिघी आळीपाळीने. खजिनदारांच्या कपाळावरची आठी मला येथूनही दिसते आहे. पण नाटकाच्या पडद्यांसाठी आपण वर्गणी काढलीच होती. त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, एवढे कार्यवाहांनी आज सांगावे.