भरतीच्या विजेआधी खाडी मोजा



या परिषदेचं अध्यक्षपद माझ्याकडे आहे. अध्यक्षानं सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती आज मी पाळणार नाही. भरती-ओहोटीपासून मिळणारी वीज हा एकच विषय धरून बोलणार आहे. आयआयटी मद्रास आणि क्रिसिल यांच्या २०१४ च्या अभ्यासानं देशाची ही क्षमता सुमारे १२,४५५ मेगावॅट सांगितली. अहवालांतून हा आकडा अनेकदा उद्धृत होतो. प्रत्यक्षात आपल्या किनाऱ्यावर या विजेचं एकही व्यापारी केंद्र चालू नाही. ही दरी का राहिली, आणि ती भरायला सुरुवात कुठून करायची, हे मला बोलायचं आहे.

या ऊर्जेचं सगळ्यांत मोठं बळ म्हणजे तिचा नेम. कोकणातले दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत आले आहेत. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला. वारा उद्या किती सुटेल हे सांगता येत नाही, पण दहा वर्षांनंतरच्या एखाद्या अमावस्येची भरती आज मांडता येते. त्यातली एक गोष्ट वीज अभियंत्यांनी विशेष लक्षात घ्यावी. एका जागी उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती नेहमी साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. मुंबईत ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे असते. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पाण्याचा सर्वांत जोरकस ओढा रात्री नऊच्या सुमाराला असतो. सौरऊर्जा तेव्हा थांबलेली असते आणि घराघरांत दिवे-पंखे चालू असतात.

पण नेमाबरोबर मर्यादाही येतात. दिवसातून चार वेळा पाणी थबकतं, तेव्हा वीज शून्य. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या दिवसांत चढउतार निम्म्यावर आला, तर बंधाऱ्यामागची ऊर्जा निम्मी होत नाही, चौथाईवर येते, कारण ती चढउताराच्या वर्गावर अवलंबून असते. प्रवाहात बुडवलेल्या टर्बाइनचं गणित तर घनाचं आहे: वेग अर्धा झाला की शक्ती एक अष्टमांश. ही वीज साठवणुकीच्या आणि इतर स्रोतांच्या जोडीनंच चालेल, हे आपण लोकांना पहिल्या दिवसापासून सांगितलं पाहिजे.

आता फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या रान्स नदीच्या मुखाकडे वळतो. तिथलं केंद्र १९६६ मध्ये सुरू झालं. क्षमता २४० मेगावॅट, दहा-दहा मेगावॅटची चोवीस यंत्रं. तिथे भरती-ओहोटीतला फरक सरासरी आठ मीटर असतो आणि मोठ्या उधाणाला तेरा मीटरच्या पुढे जातो. प्रत्येक यंत्र पाण्याखालच्या बंद कवचात बसवलेलं आहे, पुढे सव्वापाच मीटरहून थोड्या अधिक व्यासाचं चक्र, आणि त्याच्या पात्यांचा कोन बदलता येतो. त्यामुळे तेच यंत्र भरतीला, ओहोटीला अशी दोन्ही दिशांना वीज करू शकतं, आणि गरज पडली तर पंप होऊन खाडीत जास्तीचं पाणीही चढवतं. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजू नये म्हणून सतत सौम्य विद्युतप्रवाह देऊन धातूचं रक्षण केलं जातं. बंधाऱ्यावरून दिनार आणि सँ-मालो जोडणारा रस्ता जातो. हे केंद्र दरवर्षी सुमारे पन्नास कोटी युनिट वीज देतं, आणि सहा दशकं उलटत आली तरी चालू आहे. खाऱ्या पाण्यात यंत्र टिकत नाही म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची गरज नाही.

मात्र त्याच रान्सची दुसरी नोंदही आपण वाचली पाहिजे. बांधकामासाठी नदीचं मुख जवळजवळ तीन वर्षं समुद्रापासून तोडलं गेलं. खाडीतलं खारं-गोडं पाण्याचं चक्र बंद पडलं आणि तिथलं जीवन जवळपास नष्ट झालं. केंद्र सुरू झाल्यावर जीवसृष्टी परतली, पण तिला वर्षं लागली, आणि ती पूर्वीसारखी नव्हती. गाळाचा प्रश्न तर अजून आहे. वाहती, जिवंत खाडी अडवून वीज करणं मला आज योग्य वाटत नाही. दक्षिण कोरियातलं शिह्वा केंद्र वेगळ्या कारणासाठी अभ्यासण्यासारखं आहे. तिथे १९९४ मध्ये घातलेल्या समुद्रबांधामुळे आतलं सरोवर कुजलं होतं. त्याच बांधात २०११ मध्ये २५४ मेगावॅटचं केंद्र बसवलं, समुद्राचं पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू लागलं, आणि सरोवर सुधारलं. आधीच झालेली हानी भरून काढताना वीज मिळाली, म्हणून ते उदाहरण मला मान्य आहे.

बंधाऱ्याशिवायचा मार्ग म्हणजे समुद्रतळावर, प्रवाहात टर्बाइन ठेवणं. कॅनडात, जिथे जगातली सर्वांत उंच भरती येते त्या फंडीच्या उपसागरात, २००९ मध्ये असं एक टर्बाइन उतरवलं गेलं. काही आठवड्यांत त्याची पाती मोडली. प्रवाह अंदाजापेक्षा बराच जोरकस निघाला, आणि यंत्र वर काढायलाही पुढच्या वर्षाची अखेर उजाडली. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पेंटलंड सामुद्रधुनीत मेजेन प्रकल्पाची दीड मेगावॅटची चार यंत्रं मात्र वर्षानुवर्षं वीज देत आहेत. या यशामागे ऑर्कनी बेटांवरचं, २००३ पासूनचं चाचणी केंद्र आहे. संशोधकानं आपलं यंत्र आणावं, तयार केबलला जोडावं, खऱ्या समुद्रात चालवून पाहावं, अशी ती सोय. तिथे आलेली सगळीच यंत्रं तगली नाहीत. पण प्रत्येक अपयशातून पुढच्याला माहिती मिळाली.

आपल्याकडे नेमकं हेच घडलं नाही. खंबातच्या आखातात उधाणाचा चढउतार अकरा मीटरपर्यंत जातो, कच्छच्या आखातात आठपर्यंत. क्षमता खरोखर आहे. कच्छमध्ये पन्नास मेगावॅटचा प्रकल्प जाहीर झाला आणि बारगळला. सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवर पावणेचार मेगावॅटचा प्रकल्प ठरला, त्याचा खर्च एका मेगावॅटला त्रेसष्ट कोटींच्या वर गेला आणि तोही सोडून दिला गेला. खर्चाचं कारण खोटं नाही. पण पहिलं यंत्र जगात कुठेच स्वस्त नव्हतं, आणि आपण ते पाण्यात उतरवलंच नाही, त्यामुळे दुसरं स्वस्त कसं करायचं हे शिकायची संधीही गेली. याची मला खंत वाटते.

यात महाराष्ट्राचा आणि गोव्याचा वाटा काय? विजेच्या बाबतीत फार मोठा नाही, हे स्पष्ट सांगतो. दक्षिण कोकणात उधाणाचा चढउतारही तीन मीटरच्या आतबाहेर राहतो. वर्गाच्या नियमानं तेवढ्याच क्षेत्रफळाच्या खाडीतून खंबातच्या मानानं तेराव्या हिश्शाइतकी ऊर्जा मिळेल. कोकणाच्या प्रत्येक खाडीवर वीजकेंद्राचं स्वप्न विकणाऱ्यांपासून आपण दूर राहावं. आपला वाटा ज्ञानाचा आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जाते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात खाड्यांची आणि बंदरांची प्रतिरूपं उभारून प्रवाह आणि गाळ अभ्यासतात. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे.

आणि एक वाटा आपल्या कोळ्यांचा आहे. उत्तर कोकणात डोलीची जाळी भरती-ओहोटीच्या ओढ्यालाच तोंड करून बांधतात. पाणी फिरलं की जाळ्याचं तोंड फिरतं. उधाणात धंदा जोरात, भांगात जाळी वर. कुठे ओढा सरळ वाहतो, कुठे भोवरा धरतो, कुठे तळ खडकाळ आहे आणि कुठे रुततं, हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. टर्बाइनला हवी ती जागा म्हणजे बहुतेक वेळा डोलीचीच जागा. म्हणून त्यांना सुनावणीच्या दिवशी बोलावून भागणार नाही. जागा निवडण्याच्या पहिल्या बैठकीत ते हवेत, आणि त्यांच्या माहितीचा मोबदला त्यांना मिळायला हवा.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. पश्चिम किनाऱ्यावर एक छोटं चाचणी स्थळ व्हावं. सुरुवातीला तिथे मेगावॅटची अट नको. प्रवाहाचा वेग तळापासून पृष्ठभागापर्यंत निदान दोन पावसाळे मोजला जावा, कारण पुराच्या पाण्यात आणि गाळात खाडी वेगळीच वागते. जेटीच्या खांबाला ओहोटीच्या रेषेपाशी कालवं आणि शेवाळ कसे थरावर थर धरतात, हे तुम्ही सर्वांनी पाहिलं आहे. तसे थर पात्यांच्या धातूवर आणि लेपावर किती दिवसांत चढतात, याच्या नोंदी नमुन्याच्या पट्ट्या बुडवून ठेवाव्यात. मासे त्या जागेतून कधी जातात हे यंत्र येण्याआधी नोंदावं, म्हणजे नंतरची तुलना करता येईल. या सर्व नोंदी, बिघाडांच्या नोंदींसह, मराठीत आणि इंग्रजीत, कुणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात. अनुमोदनासाठी मी अभियंत्यांइतकीच मच्छीमार सोसायट्यांच्या प्रतिनिधींना विनंती केली आहे, आणि त्यांतले काहीजण आज या सभागृहात बसले आहेत. ठरावाच्या मसुद्यात दुरुस्त्या सुचवायच्या असतील, तर त्यांनी त्या आज संध्याकाळपर्यंत कार्यालयात द्याव्यात.